आमच्या जागी बसलेल्या बाराजणी

डिसेंबरचा तिसरा शनिवार, दुपारचा एक. स्थळ: नागपूरच्या विणकर वस्तीतली आमची महापालिकेची शाळा, पटांगणातला मंडप. उपस्थित: मुख्याध्यापक ठवकर सर, नव्या राखाडी सफारीत. खेळ शिकवणाऱ्या गजभिये बाई, मंचाच्या टोकाला, चेहरा उतरलेला. खो-खोच्या संघातल्या आम्ही बाराजणी, निळे स्कर्ट आणि पांढरे शर्ट घालून पहिल्या रांगेत. कर्णधार वंदना निखारे रांगेच्या शेवटच्या खुर्चीवर. स्वागतगीत म्हणणाऱ्या पंधराजणी, जरीकाठाच्या साड्यांत. झोनमधल्या इतर शाळांतून ट्रक भरभरून आणलेली मुलं. किती ते सांगता येत नाही, कारण मोजायला नेमलेले गुरुजी चहाला गेले होते. माझी माय, मागच्या रांगेत, उभी. अनुपस्थित: ज्यांच्या हस्ते आमचा सत्कार व्हायचा होता ते राज्यमंत्री. त्याच दुपारी तीन वाजता शहराच्या सदर भागातल्या मैदानावर आमचा विभागीय अंतिम सामना होता. अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली म्हणून आमचा सत्कार ठेवला होता, आणि सत्कार ठेवला म्हणून आम्हाला अंतिम सामन्याला जाता येत नव्हतं.

आमचं घर शाळेमागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, पुढची मागाची, मागची माणसांची. बाबा लुगडी विणायचे, माय आणि मी सुताच्या कांड्या भरायचो. माग सुरू झाला की भिंतीवरची भांडी बारीक थरथरायची आणि घरातलं सगळं बोलणं इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याच्या ठेक्यावर चालायचं. एक वाक्य, मग खट, मग दुसरं वाक्य. आजही कुणी सलग फार वेळ बोललं की मला मध्ये काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. डिसेंबरात माय चुलीपुढे बसून तुरीच्या शेंगा सोलायची. हिरव्या सोल्यांची वांग्यातली भाजी, ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी, एवढ्यावर आम्ही तो महिना काढायचो आणि दुसरं काही मागायचं आम्हाला सुचायचंही नाही. सकाळी अंगणात ऊन यायच्या आत मी कांड्यांची टोपली भरून ठेवायची आणि शेजारची वंदना भिंतीवर दोन थापा मारायची. याचा अर्थ, चल, सरावाला.

वंदनाच्या घरचा माग बंद पडला होता. तिचे बाबा पॉवरलूमवर पाळीने जायचे आणि परत आल्यावर घरच्या शांततेवर चिडायचे. त्या बंद मागाचे दोन लाकडी खांब गजभिये बाईंनी मागून आणले, बुडं शाळेच्या पटांगणात पुरली, आणि आमचं खो-खोचं मैदान तयार झालं. वंदना चार बहिणींत थोरली, त्या वर्षी दहावीत. पळताना ती सरळ पळत नसे. समोरच्याला वाटायचं ही आता डावीकडे जाणार, आणि ती जिथे होती तिथेच उभी असायची, पळून गेलेला पकडणाराच असायचा. बाईंना कुठूनसं कळलं होतं की राज्य स्पर्धेत खेळलेल्या मुलींमधून सरकारी क्रीडा वसतिगृहासाठी निवड होते. राहणं, जेवण, शाळा, बूट, सगळं त्यांचं. बाई स्वतः वंदनाच्या घरी जाऊन बसल्या. तिच्या बाबांनी बराच वेळ विडी ओढून निर्णय दिला: पोरगी राज्याला खेळली तर खुशाल जाऊ दे, नाही तर दहावी झाली की लग्न. वंदनाला हा सौदा एकदम पसंत पडला. तिला सौद्याचा दुसरा भाग ऐकूच आला नव्हता.

आता त्या आठवड्याविषयी सांगते, कारण त्याशिवाय शनिवार समजणार नाही. नागपुरात डिसेंबर म्हणजे हिवाळी अधिवेशन. सरकार मुंबईहून इथे येतं, रस्त्यांना रंग लागतो, आणि शहरातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाला आपल्याही दारात एखादी लाल दिव्याची गाडी थांबावी असं वाटू लागतं. त्या वर्षी झोनच्या शाळांनी मिळून ‘समाजसेवा आणि गुणगौरव सप्ताह’ काढला. सोमवारी स्वच्छता. नगरसेवक झाडू मारणार म्हणून रविवारी आम्ही रस्ता झाडला, आणि सोमवारी त्यांना झाडायला काही उरलं नाही म्हणून शिपायाने एका कोपऱ्यातला पाला दुसऱ्या कोपऱ्यात आणून पसरला. मंगळवारी दवाखान्यात संत्रेवाटप. एका आजोबांच्या हातात संत्रं दिलं, फोटो नीट आला नाही म्हणून ते परत घेतलं, पुन्हा दिलं, पुन्हा घेतलं. तिसऱ्या वेळी आजोबांनी मूठच आवळली. बुधवारी प्रभातफेरी होती. तिच्यात आम्ही ज्या गल्ल्यांमधून ‘शिक्षणाचे महत्त्व’ ओरडत गेलो त्या आमच्याच गल्ल्या होत्या आणि खिडकीत आमच्याच आया उभ्या राहून आम्ही स्वेटर घातलं आहे की नाही ते बघत होत्या.

गुरुवारी गरजू पालकांना ब्लँकेटवाटप. धरमपेठेतल्या, म्हणजे शहराच्या पैसेवाल्या भागातल्या, कुठल्याशा मंडळाने ब्लँकेटं दिली होती आणि त्यांना फोटो हवे होते. माझ्या मायचं नाव यादीत होतं. चार माणसांत जायचं म्हणून तिने घरच्या मागावरचं, बाबांनी तिच्यासाठी विणलेलं गर्द हिरवं लुगडं नेसलं, केसांना तेल लावलं, आणि शाळेत जाऊन रांगेत उभी राहिली. ठवकर सर रांग पाहत आले, तिच्यापाशी थांबले आणि हळूच म्हणाले की ताई, तुम्ही जरा मागं व्हा, फोटोत तुम्ही घेणाऱ्या नाही, देणाऱ्या वाटून राहिल्या.

“तं मंग द्याले उभी करा मले,” माय म्हणाली.

रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सरांनी न ऐकल्यासारखं केलं. माय ब्लँकेट न घेता घरी आली आणि पुढचे दोन दिवस तिने धोट्याच्या प्रत्येक खटक्याबरोबर सरांच्या घराण्यातल्या एकेका पिढीची आठवण काढली. शनिवारी ती मंडपात आली ती माझा सत्कार बघायला नव्हे. सरांचं पुढे काय होतं ते बघायला आली होती.

शनिवारचा घोळ शुक्रवारीच कळला होता. राज्यमंत्र्यांना तेवढीच एक दुपार मोकळी होती. गजभिये बाई सरांकडे गेल्या आणि म्हणाल्या की मुलींचा सामना आहे, सत्कार रविवारी ठेवा, नाही तर मुलींशिवाय करा. सरांनी त्यांना समजावलं. आम्ही खिडकीखाली उभ्या होतो, आम्हालाही आपोआप समजावलं गेलं. “गजभिये बाई, सामने दरवर्षी होते. मंत्री दरवर्षी येते का?” ही गोष्ट खरी होती. मग सरांनी कागदावर गणित मांडून दाखवलं: एकला मुली बसवू, दीडला साहेब येतील, दोनला सत्कार आटोपेल, अडीचला मुली सदरला. कागदावर सगळं अगदी चोख बसत होतं. मी पुढे आयुष्यभर अशा कार्यक्रमांची आखणी करत आले आहे आणि अनुभवाने सांगते, मंत्री कागदावर नेहमी वेळेवर येतात.

दीड वाजता स्वागतगीताची एकदा तालीम झाली. पावणेदोनला मोटारीचा आवाज आला म्हणून गीत खरोखरीचं म्हटलं गेलं. मोटार मंडपवाल्याची निघाली. दोनला आणखी एकदा. त्या पंधराजणींत मंगला नावाची एक बारीक, गोड गळ्याची मुलगी होती. तिसऱ्या वेळी ‘स्वागत’ म्हणताना तिला उचकी लागली आणि ती शेवटपर्यंत थांबली नाही. आम्ही बाराजणी नुसत्या बसलो होतो. सरांची सूचना होती की खेळाडूंनी खेळाडूच दिसलं पाहिजे, म्हणून गणवेश खेळाचा, पण हात मांडीवर, पाय जुळवून. अनवाणी पायांना मंडपाची सतरंजी टोचत होती.  वंदना मंचावरच्या घड्याळाकडे पाहत होती. तिच्याकडे पाहिलं असतं तर घड्याळाची गरज पडली नसती.

सव्वादोननंतर साहेब आले. त्यानंतर सत्कार सुरू झाले, आणि सत्कार म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. पहिला साहेबांचा. मग साहेबांच्या सहायकांचा, मग नगरसेवकांचा, मग निवृत्त मुख्याध्यापकांचा, मग मंडपवाल्याचा, मग ज्यांना बोलावलं नव्हतं पण जे आले होते त्यांचा. प्रत्येकाला शाल, नारळ आणि संत्र्यांची परडी. विद्यार्थ्यांचा सत्कार सगळ्यात शेवटी असतो. याचं कारण मला खूप वर्षांनी एका अनुभवी सहकाऱ्याने सांगितलं: मुलांचा आधी केला तर आईबाप मुलं घेऊन उठून जातात आणि भाषणाला खुर्च्या उरतात. मग साहेब बोलायला उभे राहिले. विषय होता, मातीतल्या खेळांचं महत्त्व. ते म्हणाले की आजची मुलं मैदानावर जातच नाहीत.

त्या वाक्याला टाळ्या पडल्या आणि टाळ्यांमध्ये गजभिये बाई मंचावरून उतरल्या. रांगेच्या पहिल्या टोकाला मी बसले होते. बाई माझ्या मागे आल्या, कॉलर नीट केल्यासारखं केलं, पाठीवर सपाट पंजा टेकवला आणि कानाशी, मैदानावर म्हणतात त्याच कोरड्या आवाजात म्हणाल्या, “खो.”

ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांना सांगायला नको. पाठीवर पंजा आणि कानात खो पडला की माणूस विचार करत नाही, उठतो. मी उठले. शेजारच्या खुर्चीमागे जाऊन त्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला, खो दिला, आणि कनातीकडे निघाले. तिने पुढचीला दिला. कनातीपाशी माझी माय कापड वर धरून उभी होती, जणू तिला त्याच कामावर नेमलं होतं. “वाकून जा वं, डोकं लागंन,” एवढंच म्हणाली. एकेक खुर्ची रिकामी होत गेली. मंचावरच्या कुणाला पत्ता लागला नाही, कारण मंचावरची माणसं मंचाखाली फारसं पाहत नाहीत. शेवटी वंदना एकटी राहिली, शेजारी अकरा रिकाम्या खुर्च्या. तिला खो देणारी आली आणि गेली. ती उभी राहिली, मंचाकडे तोंड करून तिने नीट नमस्कार केला. साहेबांची नजर कागदावर होती, पण हात सवयीने जोडले गेले. मग ती बाहेर आली.

गल्लीत तिच्या मामाचा सुताचे गठ्ठे वाहणारा टेम्पो उभा होता. तिने शुक्रवारीच त्याला सांगून ठेवलं होतं. सरांच्या कागदावर आमच्यापैकी सगळ्यात कमी विश्वास तिचा होता. गठ्ठ्यांवर बसून आम्ही सदरला गेलो. गजभिये बाई आल्या नाहीत. त्या परत मंचावर जाऊन आपल्या जागी बसल्या. आम्ही गेल्याचं लगेच कळू नये म्हणून कुणीतरी शांत चेहऱ्याने तिथे बसणं भाग होतं. फक्त आमची ओळखपत्रं त्यांच्या पिशवीत, मंचावरच राहिली.

मैदानावर धरमपेठेतल्या एका खाजगी शाळेचा संघ अंग मोकळं करत होता. त्यांच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट होते आणि त्यांच्याकडे ग्लुकोजच्या पाण्याची स्वतंत्र बादली होती. पंचांनी आधीच्या फेऱ्यांपासून आम्हाला ओळखलेलं होतं; ते म्हणाले की ओळखपत्रं सोमवारी आणून द्या, पण संघाबरोबर कुणी मोठं माणूस आहे का? मामा टेम्पोतून उतरला, हातातली विडी पायाखाली घातली आणि म्हणाला, “हाये ना. मी काय लहान दिसून राहिलो का?” असा आमचा व्यवस्थापक नेमला गेला. सामना मी इथे सगळा सांगणार नाही. सांगायला बसले तर प्रकरण तेवढंच होईल. शेवटच्या पाळीत आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि वंदना आत होती. बूट घातलेल्या त्या मुली चांगल्या होत्या, हे मी आजही म्हणते. त्यांनी तिला खांबापाशी दोनदा कोंडीत पकडलं आणि दोन्ही वेळा ती जिथे आहे असं त्यांना वाटलं तिथे ती नव्हती. शिटी वाजली तेव्हा ती मैदानाच्या मधोमध उभी होती आणि तिच्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता.

तिकडे मंडपात काय झालं ते आम्हाला संध्याकाळी मंगलाने सांगितलं. भाषण संपलं, खो-खोच्या संघाचं नाव पुकारलं, आणि सरांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. मंगला म्हणाली की सरांच्या चेहऱ्याचा रंग त्या सफारीसारखा झाला. पण ठवकर सर काही कच्चे नव्हते. त्यांनी स्वागतगीताच्या पंधराजणींकडे वळून बोटाने बारा निवडल्या, तिघी मागे उरल्या त्या रडू लागल्या, आणि बाराजणी मंचावर चढल्या. साहेबांनी एकेकीला प्रमाणपत्र दिलं. मंगलाच्या गळ्यात हार पडला तेव्हा तिला पुन्हा उचकी लागली.

“मंत्री मले म्हणे, बेटा, साडी नेसूनच खेळता का खो-खो?” मंगला सांगत होती. “मी काय बोलू वं? मले तं गाणं येते. तं सर मधातच बोलले. म्हणे, साहेब, आपली संस्कृती हाये.”

आम्ही हसून हसून गल्लीतच बसलो. वंदना तर भिंतीला टेकून खाली घसरली. आज मी त्या हसण्याकडे पाहते तेव्हा वाटतं, थोडं जपून हसायला हवं होतं. पण जिंकलेल्या पोरींना कोण सांगणार.

रविवारी वंदनाच्या घरी मटण शिजलं. आमच्या वस्तीत कुठलाही मोठा आनंद सावजी रश्श्याशिवाय पुरा होत नाही. मसाला भाजायला घेतला की पहिल्या घराला कळतं आणि तेल सुटेपर्यंत शेवटच्या घरातला पाहुणा येऊन बसलेला असतो. तिचे बाबा स्वतः पाट्यावर मसाला वाटायला बसले होते. आल्यागेल्याला सांगत होते की पोरगी राज्याला जाऊन राहिली, मग वसतिगृहात, मग नोकरी. सौद्याचा पहिला भाग त्यांच्या तोंडून ऐकायला फार छान वाटत होता. नाकडोळ्यांतून पाणी येईपर्यंत आम्ही जेवलो. हात धुऊन तिच्या बाबांनी इतवारी बाजारातून आलेला पेपर उघडला. आतल्या पानावर फोटो होता. जरीकाठाच्या साड्यांतल्या बाराजणी, मध्ये राज्यमंत्री, कडेला ठवकर सर, मागे गजभिये बाई. खाली ओळ होती की परंपरा जपत मैदान गाजवणाऱ्या महापालिकेच्या मुलींचा शनिवारी दुपारी गौरव झाला, आणि त्याखाली आमची बारा नावं. पेपर हातोहात फिरला. सगळे पुन्हा हसले. वंदना या वेळी हसली नाही, ती म्हणाली, “वेळ काहून छापली यांनी?”

सोमवारी धरमपेठच्या शाळेची तक्रार क्रीडा कार्यालयात पोहोचली. त्यांचं म्हणणं साधं होतं आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. शनिवारी दुपारी या शाळेचा संघ मंत्र्यांसोबत मंचावर होता, हा पाहा फोटो, ही पाहा नावं. तर मग त्याच वेळी आमच्याशी खेळल्या त्या कोण? त्यांच्यासोबत शिक्षक नव्हते, टेम्पोवाला होता. ओळखपत्रं नव्हती. म्हणजे बाहेरच्या तरबेज मुली आणून खेळवल्या.

मंगळवारी सुनावणीला सर, बाई, वंदना आणि मी गेलो. अधिकारी भले गृहस्थ होते, घाईत होते. त्यांनी पेपर टेबलावर ठेवला आणि सरांना विचारलं की या फोटोतल्या मुली कोण आहेत. सर म्हणाले की आमच्याच शाळेच्या. आणि मैदानावर कोण होत्या? सर म्हणाले की साहेब, मी मंचावर होतो, मैदानावरचं मी कसं सांगू. दोन्ही उत्तरांत एक शब्द खोटा नव्हता. मी पुढे खूप मुख्याध्यापक पाहिले, पण सत्याचा इतका काटकसरीने वापर करणारा माणूस पुन्हा भेटला नाही. बाईंनी सगळं खरं सांगितलं, संस्कृती आणि उचकीसकट. अधिकाऱ्यांनी फोटोतल्या बाईंवर बोट ठेवलं. तुम्ही इथे आहात, मग तिथलं कसं सांगता? ओळखपत्रं पुढे केली तर ती सामन्यानंतर दाखवलेली म्हणून धरली नाहीत, आणि पंचांनी, न पाहता खेळवलं हे अंगाशी येईल म्हणून, आपल्याला चेहरे आठवत नाहीत असं लिहून दिलं होतं. मग ते आमच्याकडे वळले.

“तुम्ही दोघी संघात आहात म्हणता. फोटोत कुठे आहात?”

“नाही आहोत,” वंदना म्हणाली. “आम्ही खेळून राहिलो होतो सर.”

अधिकाऱ्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मला आजही वाटतं की त्या क्षणी त्यांना सगळं कळलं होतं. ते सरांना म्हणाले की ठीक आहे, फोटोतल्या मुली संघातल्या नव्हत्या असं एका ओळीत लिहून द्या, मी विषय मिटवतो. सरांनी दोन दिवसांची मुदत मागितली.

दुसऱ्या दिवशी वंदना मला घेऊन सरांच्या खोलीत गेली. त्यांच्या मागे भिंतीवर तोच फोटो, मोठा करून, काचेत बसवून आलेला होता. ती रडली नाही, हात जोडले नाहीत. म्हणाली की सर, एकच ओळ लिहून द्या. सर खुर्चीत पुढे सरकले आणि अगदी मायेने बोलले. या माणसाचा मला कधी नीट राग करता आला नाही तो यामुळे.

“बेटा, मंत्र्याच्या हातून भलत्याच पोरींचा सत्कार झाला, असं मी सहीनिशी लिहून देऊ? माझी पेन्शन हाये, शाळेचं नाव हाये. पुढच्या वर्षी पाहू ना. तुमचा संघ कुठं पळून चालला?”

“संघ राहीन सर,” वंदना म्हणाली. “पुढच्या वर्षी मी कुठं राहीन?”

सरांनी घंटी वाजवून शिपायाला पाणी आणायला सांगितलं. पाणी आलं, तिने ते घेतलं नाही.

ओळ लिहिली गेली नाही. आमचा विजय रद्द झाला आणि राज्य स्पर्धेला धरमपेठच्या मुली गेल्या. त्यांतली एक वसतिगृहात निवडली गेली असं ऐकलं. गजभिये बाईंची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या, पटांगण नसलेल्या शाळेत झाली. ठवकर सरांना पुढच्या वर्षी आदर्श मुख्याध्यापक म्हणून गौरवलं गेलं. त्या समारंभालाही मंत्री उशिरा आले, असं मायने चौकशी करून आणलं आणि त्या रात्री ती पोटभर जेवली. वंदनाच्या बाबांना आता सौद्याचा दुसरा भाग आठवला. दहावी झाली आणि उमरेडला तिचं लग्न झालं. हळद लागण्याच्या आदल्या दिवशी तिने पटांगणात जाऊन मागाचे ते दोन खांब उपटले, आणि सरपणाला लागतील म्हणून घरी नेऊन आईला दिले. मी तिला मदत केली. खड्डे आम्ही बुजवले नाहीत.

आता वंदना एसटीत वाहक आहे. तीन वर्षं अर्ज करून, नवऱ्याच्या घरच्यांशी भांडून ती लागली. तिच्या गाडीत मी एकदा बसले होते; गाडी खचाखच भरलेली आणि ती त्या गर्दीतून कुणाला धक्का न लावता टोकापासून टोकापर्यंत गेली, तेव्हा मला खिडकीबाहेर पाहावं लागलं. मी शिक्षिका झाले आणि आता महापालिकेच्याच एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. डिसेंबरातला सप्ताह अजून होतो. आता फोटो मोबाईलवर लगेच पाठवायचे असतात, त्यामुळे ब्लँकेट पोहोचायच्या आधी ब्लँकेट दिल्याचा फोटो वर पोहोचतो. एवढी सुधारणा झाली. मराठी शाळांचे पट घटत गेले तशी आमची ती जुनी शाळा बंद झाली आणि माझ्या शाळेत विलीन केली गेली. तिची कपाटं, तिचे शिक्के, तिचा काचेतला फोटो आता माझ्या ताब्यात आहेत. म्हणजे त्या शाळेच्या वतीने सही करायचा अधिकार, कायद्याने, आज माझा आहे.

हे मी चूक करून वंदनाला सांगितलं. तेव्हापासून दर डिसेंबरात तिचा फोन येतो, बहुतेक डेपोतून, मागे गाड्यांचा कल्लोळ.

“लिवली का वं ओळ?”

मी म्हणते, राहिली.

“अख्खे अहवाल लिवतं तू. एक ओळ लिवाले काय होऊन राहिलं तुले?”

मी तिला विचारलं, आता त्याचं काय करणार, तुला नोकरीत काही फायदा व्हायचा नाही. ती म्हणाली, “फायदा कोण मागून राहिलं? त्या दिवशी मी कुठं होती, येवढंच कुठंतरी लिवलेलं पाहिजे.”

तिचं बरोबर आहे, आणि मी काम तुंबवणारी बाई नाही. गेल्या शनिवारी शाळा सुटल्यावर कागद काढला. शाळेचं नाव लिहिलं, जावक क्रमांक घातला, विषय लिहिला. ओळही लिहिली: फोटोतल्या मुली स्वागतगीताच्या होत्या, संघ त्या वेळी सदरच्या मैदानावर खेळत होता आणि जिंकला. खाली सही केली, शिक्का मारला. ते अधिकारी हयात नाहीत. ती स्पर्धा कुठल्या कार्यालयाच्या दप्तरात आहे ते कुणाला ठाऊक नाही. क्रीडा कार्यालयात फोन केला तर तिथला मुलगा विनयाने म्हणाला की मॅडम, हे आम्ही जन्मायच्या आधीचं आहे. कागद टेबलावर आहे. ‘प्रति’ लिहून पुढची जागा सोडली आहे. ती भरायची राहिली आहे.